पहिल्या बाळंतपणाचा दाखला

डाळिंबाची शेवटची तोड चालू होती आणि मजूर मिळत नव्हते, म्हणून अनिता दिवस उगवायच्या आधीच बागेत शिरत होती. हातांना नवऱ्याच्या, गोकुळच्या, जुन्या शर्टाच्या बाह्या चढवलेल्या असायच्या, तरी काटा कुठून ना कुठून आत जायचाच. डाव्या हातानं फळ धरायचं, उजव्या हातातली कातर देठाला भिडवायची, कट् झालं की फळ पाटीत. ओढून काढायचं नाही. ओढलं की देठाशी साल फाटते आणि व्यापाऱ्याचा माणूस ते फळ बाजूला टाकतो.

बांधाला तिची सासू सिंधुबाई पाय पसरून बसली होती. पाटीतली फळं ती तीन ढिगांत निवडत होती आणि प्रत्येक फळाला काहीतरी बोलत होती. खाली उतारावर उजनीचं पाणी पसरलेलं होतं. त्यावरून येणारा वारा माघ संपत आला तरी बोचत होता.

अकराच्या सुमारास अनिताची लेक संजीवनी आली. सकाळी सातच्या गाडीनं ती इंदापूरला तहसील कचेरीत गेली होती, ती संध्याकाळशिवाय येणार नव्हती. हायवेपासून चालत आलेली, कॉलेजचा ड्रेस अंगावर, हातात प्लॅस्टिकची फाइल. बांधावर बसली आणि चपलेतला खडा काढायला लागली.

"मिळाला का गं दाखला?" सिंधुबाईनं विचारलं.

"न्हाय."

"का? सायेब न्हवता?"

"व्हता की. शाळेच्या दाखल्यावरचं जन्मस्थळ बघितलं. म्हनला, ह्यावर राष्ट्रीयत्वाचा दाखला निघत न्हाय."

अनिता झाडाच्या आतच थांबली. कातर उघडीच राहिली. शाळेच्या दाखल्यावर काय आहे ते तिला पाठ होतं. जन्मस्थळ : बुटवल, नेपाळ. गोकुळनं पोरीला पहिलीत घातलं तेव्हा मास्तरांना मोठ्या अभिमानानं हे लिहायला लावलं होतं. पळसदेवच्या शाळेत दुसऱ्या देशात जन्मलेलं एकही पोर नव्हतं.

"मग काय म्हनला?" तिनं आतूनच विचारलं.

"आईला घिऊन ये म्हनला."

सिंधुबाईच्या हातातलं फळ कुठल्या ढिगात टाकायचं ते तिला सुचेना. शेवटी ते तिनं मांडीवरच ठेवलं.

*

संजीवनी बारामतीला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तीन वर्षं एनसीसीत होती. परेडच्या दिवशी साडेचारला उठून ती आधी हायवेच्या कडेनं पळून यायची, मग खाकी वर्दी घालून भिगवणमार्गे बारामतीची गाडी पकडायची. वर्दीला इस्त्री अनिताच करायची. बाहीवरची घडी सुरीसारखी लागते, हे तिला आता पोरीपेक्षा जास्त कळत होतं. यंदा एनसीसीच्या पोरींना लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीला बोलावून सैन्यात अधिकारी करायची जी भरती असते, तिचा अर्ज भरायचा होता. महिनाअखेरपर्यंत मुदत होती. वर्दी इस्त्रीला घेतली की अनिता खांद्यावरच्या पट्टीवरनं अंगठा फिरवायची. तिथं तारे लागतात, असं संजीवनीनं एकदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी इंदापूरला गेल्या. कारकुनानं अनिताला आधी नीट बघून घेतलं. नऊवारी नाही, पण पदर डोक्यावर, कपाळाला मोठं कुंकू, उन्हानं रापलेला चेहरा.

"तुम्ही नेपाळच्या?"

"व्हय."

"वाटत नाही हो. बोलणं तर आमच्या गावचंच."

"इकवीस वरसं झाली सायेब. दुसरं कसं बोलणार?"

"जरा बोलून दाखवा बरं तिकडचं."

रांगेतली माणसं पुढं सरकली. शिपाई दाराशी उभा होता, तो म्हणाला, "जागते रहो म्हना, वहिनी." दोघंतिघं हसले. अनिताही ओठ हलवून हसल्यासारखं करून गेली. संजीवनी हसली नाही. ती हात पाठीमागे बांधून, पायांत अंतर ठेवून, परेडला उभी राहते तशी उभी होती.

"सर, काम सांगा," ती म्हणाली.

कारकून एकदम कामावर आला. फाइल तिच्याकडे सरकवत म्हणाला, "हे बघ पोरी. तुझे वडील इथले, त्यांचे सगळे कागद आहेत. तुझं आधार आहे, मतदानाचं कार्डही आहे. पण ह्यातलं काहीही राष्ट्रीयत्व सिद्ध करत नाही. जन्म बाहेरचा आहे. मी सही केली तर उद्या मला विचारतील."

"एनसीसीत घेतलं तेव्हा कुणी विचारलं न्हाय."

"ते एनसीसीला विचार. मला त्यातलं कळत नाही."

*

हे सगळं झालं होतं ते एका रिवाजापायी.

गोकुळ तेव्हा ट्रकवर ड्रायव्हर होता. इंदापूरची डाळिंबं घेऊन गोरखपूरला, कधी सीमा ओलांडून पुढं जायचा. एका खेपेला बुटवलच्या अलीकडं गाडीचा गिअरबॉक्स गेला आणि तो सोळा दिवस तिथं अडकला. रस्त्याच्या कडेला एका बाईचं भातडाळीचं हॉटेल होतं. तिच्या पोरीचं नाव धनमाया. पुढच्या दोन खेपांना गाडी बिघडली नाही, तरी गोकुळ तिथंच थांबला. तिसऱ्या खेपेला त्यानं तिला लग्न करून पळसदेवला आणलं. इथं सिंधुबाईनं ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायला लावलं, आणि धनमायाची अनिता झाली.

पुढच्या वर्षी तिला दिवस गेले. सातवा लागला तेव्हा गोकुळ म्हणाला, भिगवणला दवाखाना आहे, इथंच करू. सिंधुबाई ऐकेना. "पहिलं बाळंतपण माहेरला व्हतं. माझं झालं, माझ्या आईचं झालं. तिच्या आईला लेकीचं बाळंतपण करायची हौस नसंल व्हय? लोक काय म्हनतील, सून लांबची म्हणून रिवाज सोडला?"

रिवाज सोडला नाही. ट्रकच्या केबिनमध्ये गाद्या घालून, मागं डाळिंबाचे खोके भरून, गोकुळनं बायकोला हजार मैलांवरच्या माहेरी पोचवलं. त्या साली तिकडं बंदूक घेतलेली पोरं आणि सरकार यांची लढाई चालू होती. रोज बंद, रोज संचारबंदी. कार्तिकात पोरगी झाली, आणि अनिता सव्वा महिन्यानं यायची ती पाच महिन्यांनी आली. त्या पाच महिन्यांनंतर ती परत कधी गेली नाही. आधी पोर लहान, मग गोकुळचा अपघात होऊन पाय ताठ झाला आणि ट्रक सुटला, मग बाग लावली, मग बागेला रोज माणूस लागायला लागलं. तिचा बाप वारला तेव्हाही वेळेत पोचणं शक्य नव्हतं. आई होती, म्हातारी, फोनवर दिसायची. नेट नीट नसलं की तिचा चेहरा हलायचा थांबायचा आणि आवाज तेवढा येत राहायचा.

*

एनसीसीचे मखरे सर, बुद्धघोष मखरे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. एनसीसीमुळे त्यांना लेफ्टनंटचा हुद्दा होता. त्यांनी मायलेकींना प्रयोगशाळेतच बसवलं, अनिताला स्वतः स्टूल ओढून दिलं आणि पाणी मागवलं. मग कपाटातून एनसीसीच्या भरतीचा नियम काढून वाचला.

"भारताचा नागरिक असावा, किंवा नेपाळची प्रजा असावी. दोन्हीपैकी एक. म्हणून तीन वर्षांत अडलं नाही. मीही कधी खोलात गेलो नाही. चूक माझीही आहे."

"मग सर, अधिकाऱ्याच्या भरतीला?" संजीवनीनं विचारलं.

"तिथंही जवळजवळ हेच आहे. पण तिथं कागद लागतो. नेपाळची म्हणून गेलीस तर तिकडचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हवं, शिवाय आपल्या सरकारचं पात्रतेचं पत्र हवं. आहे का तिकडचं काही?"

"न्हाय."

"मग भारताची म्हणून जायला हवं. वडील भारतीय, म्हणजे तुझा हक्क आहे. पण तुझ्या जन्माच्या वेळचा कायदा असा की मूल बाहेरच्या देशात झालं तर वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत त्याची नोंद करायची. ती केली होती का?"

मखरे सरांनी हे अनिताला विचारलं. अनिताला तो शब्दही नीट कळला नव्हता. तिला आठवलं, तेव्हा बुटवलहून तान्ह्या पोरीला घेऊन निघायला रस्ता कधी उघडतो याचीच वाट बघत होते सगळे.

"न्हाय सर. कुणी सांगितलंच न्हाय."

"कोण सांगणार?" सर म्हणाले. "अजूनही नोंद होते. केंद्र सरकारची परवानगी घेऊन. तिथल्या दवाखान्यातला, वॉर्ड कार्यालयातला जन्माचा दाखला आणावा लागेल. तुम्ही स्वतः गेलात तर लवकर मिळेल. तुमच्या लग्नाचा पुरावा, हिच्या वडिलांचे कागद, सगळं जोडायचं. मी अर्ज लिहून देतो. पण वर्ष लागेल. दीड लागेल. सांगता येत नाही."

"म्हणजे ह्या वर्षी न्हाय," संजीवनी म्हणाली.

"ह्या वर्षी नाही. तुला पंचविशीपर्यंत मुदत आहे."

संजीवनीनं मान हलवली. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मैदान दिसत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरी वळण घ्यायला शिकत होत्या, निम्म्या उजवीकडे वळत होत्या, निम्म्या डावीकडे.

निघताना सर दारापर्यंत आले. "जवळचा रस्ता सुचवणारे भेटतील. मी त्यावर काही बोलत नाही. एवढंच सांगतो, मुलाखत पाच दिवस चालते. तुझा जन्म कुठला, लहानपण कुठं गेलं, तिथूनच ती सुरू होते. आणि तेच पुन्हा पुन्हा विचारतात, वेगवेगळ्या तोंडांनी."

*

जवळचा रस्ता सुचवणारा त्याच संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. आप्पा पूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होते, आणि त्यांच्या माहितीत न बसणारं सरकारी काम नव्हतं.

"गोकुळ, लेका तू येडा का खुळा? वीस वरसांपूर्वीची गोष्ट. घरी बाळंत झाली, नोंद करायची राह्यली. गावात अशी पन्नास पोरं हायेत. म्हातारीचं प्रतिज्ञापत्र, बाळाच्या आईचं प्रतिज्ञापत्र. उशिराची जन्मनोंद करून घ्यायची. तो कागद शाळेत द्यायचा, जन्मस्थळ दुरुस्त. आठ दिवसांचं काम."

"शाळंत तर नेपाळ लिवलंय," गोकुळ ताठ पाय चोळत म्हणाला.

"मास्तरनं आईचं गाव चुकून लिवलं म्हनायचं."

सिंधुबाई आतून दारात आली. गेले तीन दिवस ती धड जेवली नव्हती. "मी दीन की अंगठा. माझ्यापायी झालंय ना? मीच सांगन, माझ्या हातात पडली पोरगी."

"आई, तू तवा..."

"गप रे. माझ्या हातात पडली म्हनलं ना!"

सगळ्यांनी संजीवनीकडं बघितलं. ती उंबऱ्यावर बसून बुटाला पॉलिश घासत होती. अनिताला वाटलं, ही नाही म्हणेल. सरांचं ऐकलंय तिनं.

"करा," संजीवनी म्हणाली. मान वर केली नाही.

"संजू, सर काय म्हनले..."

"सरांना काय जातंय, मम्मी? एक वर्ष, दीड वर्ष. तवर घरात मला ठिवाल तुमी तशीच? आत्याच्या दिरानं स्थळ आणलंय ते मला म्हाईत न्हाय व्हय?"

स्थळ आलेलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी अनिता गोठ्यामागं गवऱ्या आणायला गेली तेव्हा तिला संजीवनीचा आवाज आला. पोरगी भिंतीकडं तोंड करून, ताठ उभी राहून एकेक शब्द स्पष्ट म्हणत होती. आधी हिंदीत, मग इंग्रजीत. माझा जन्म पळसदेव गावी झाला. माझा जन्म पळसदेव गावी, राहत्या घरी झाला. दर वेळी वाक्य अधिक सफाईनं येत होतं. पाचव्या-सहाव्या खेपेला ते इतकं सरळ आलं की अनितालाही क्षणभर खरं वाटलं. ती गवऱ्या न घेताच मागं फिरली.

*

इंदापूरला कोर्टाच्या आवाराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये सुयोग नावाचा पोरगेला माणूस टाइप करायचा. वकील समोरच्या टेबलावर शिक्का घेऊन बसले होते. सगळे गेले होते. आप्पा, गोकुळ, काठी घेऊन सिंधुबाई, मायलेकी. सुयोगनं कागद बाहेर काढून मोठ्यानं वाचला.

"मी सिंधुबाई कुंडलिक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, माझी सून अनिता हिचं पहिलं बाळंतपण मौजे पळसदेव येथे राहत्या घरी, माझ्या हातून झालं..."

"हातून नको रे बाबा," सिंधुबाई म्हणाली. "मला रगात बघवत न्हाय. शेळी व्याली तरी मी लांब जाती."

"आता बघवतंय म्हना, काकू," आप्पा म्हणाले. "पोरीची नोकरी हाय."

वकील हसले. सुयोगनं शाईचा पॅड पुढं केला. सिंधुबाईनं अंगठा दिला, मग तो पदराला पुसला, मग पुन्हा पुसला. डाग जाईना.

"आता बाळाची आई. सही करता ना ताई?"

अनिता आठवी शिकलेली होती. तिकडची अक्षरं आणि इथली एकच, त्यामुळं मराठी वाचायला तिला कधी वेगळं शिकावं लागलं नव्हतं. ती कागद वाचायला लागली. मी अनिता गोकुळ. माझं पहिलं बाळंतपण. राहत्या घरी.

पहिलं बाळंतपण म्हटलं की तिला एक रात्र नव्हे, पाच महिने आठवायचे. संचारबंदीत आईनं आणि शेजारच्या दोघांनी तिला हातगाड्यावर घालून दवाखान्यात नेलं, पुढं आई पांढरं फडकं हलवत चालली होती. परत आल्यावर रोज सकाळी मोहरीचं तेल कोमट करून आई तिच्या पायांना चोळायची, आणि ओव्याची पातळ आमटी भांडंभर प्यायला लावायची. दुपारी हॉटेल बंद असायचं, गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन आई आणि ती नुसत्या बसायच्या. काही बोलायच्याही नाहीत. त्या पाच महिन्यांत बंद होता म्हणून बाहेर माणसं उपाशी होती, आणि ती मनात म्हणायची, आणखी दोन दिवस बंद राहू दे. हे तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

सुयोगनं पेन तिच्या हातात दिलं. "इथं, खाली."

तिनं पेन कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला. मग तिनं पेन टेबलावर आडवं ठेवलं.

"मला न्हाय जमायचं."

"काय न्हाय जमायचं?" आप्पा म्हणाले. "सही न्हाय जमायची?"

"असं लिवून द्यायला."

"अगं, आईनं अंगठा दिला की," गोकुळ हळू म्हणाला. "पोरीचा विचार कर."

"पोरीचाच करती. रोज उठून तेच म्हनायचं तिनं? आधी मुलाखतीला, मग नोकरीत? शिपायांना खरं बोला म्हनून सांगायचं आन आपण..."

सांगायचं होतं त्यातलं अर्धंच तोंडात येत होतं, आणि उरलेलं अर्धं बोलण्यासारखं नव्हतं.

संजीवनी शेडच्या खांबाशी उभी होती. ती दोन पावलं पुढं आली. आवाज चढला नाही.

"मम्मी, खरं सांग. माझ्यासाठी न्हाय करत का तुझ्यासाठी? तुझं माहेर कागदावर ऱ्हावं म्हनून माझी वर्दी घालवतीस?"

शेजारच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं. पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं.

वकिलांनी कागद उचलून बाजूला ठेवला. "घरी ठरवून या," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परतीच्या गाडीत दोघांच्या सीटवर अनितानं खिडकीकडं जागा धरली. संजीवनी पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागं उभी राहिली. पळसदेवच्या फाट्यापर्यंत ती बसली नाही.

*

त्यानंतर पोरगी बोलायची, पण कामापुरतं. क्रेट उचलायला हात लावायची, भाकरी वाढ म्हणायची, आजीला गोळी द्यायची. साडेचारला दार वाजायचं बंद झालं. अनिता सवयीनं त्या वेळेला जागी व्हायची आणि पडून राहायची. हायवेवरनं ट्रक जात असायचे. वर्दी खुंटीला होती. एक दिवस तिनं ती इस्त्रीला काढली, मग घडी न मोडताच परत अडकवली.

सिंधुबाई एकदा चुलीपुढं बसून म्हणाली, "तू रागावलीस का गं माझ्यावर?"

"कशापायी, आत्या?"

"मीच धाडली तुला तवा."

अनितानं तव्यावरची भाकरी उलटली. "त्येवढं एकच तुमी माझ्या मनासारखं केलं," ती म्हणाली. सिंधुबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

शेवटची गाडी भरायला आली तेव्हा व्यापाऱ्याचा ड्रायव्हर क्रेट मोजता मोजता म्हणाला, "वहिनी, माल तुमच्या माहेराला चाललाय. सुनौलीच्या नाक्यावरनं पार. काही निरोप असला तर बोला."

"फळं संभाळून न्या," अनिता म्हणाली. "तिकडं फाटल्यालं घेत न्हाईत."

गोकुळ हसला. गाडी गेल्यावर ताठ पाय ओढत तो तिच्यामागं बागेत आला. रिकाम्या झाडाला हात लावत म्हणाला, "मी कवाच न्यायला पायजे हुतं तुला. दरसाल म्हनायचो, पुढच्या साली." अनितानं पडलेली पानं गोळा केली. बाग झाली होती. आता दोन महिने झाडांना पाणी तोडायचं, त्यांना विसावा द्यायचा. बागेला माणूस लागणार नव्हतं.

अर्जाची मुदत संपली त्या दिवशी संजीवनी संध्याकाळभर पाण्याच्या कडेला बसून होती. पाणी ओसरायला लागलं होतं, काठाला काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडला होता, लोकांनी त्यात काकडी टोकली होती. अनिता जनावरासाठी घास कापत होती तिथून तिला पोरीच्या हातातल्या फोनचा उजेड दिसत होता. अर्ज उघडलेला असावा. बऱ्याच वेळानं तो उजेड गेला. संजीवनी उठली नाही.

*

रविवारी सकाळी अनितानं आईला फोन लावला. ओट्यावर बसून, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून. गोकुळ गोठ्यात होता. संजीवनी अंगणात केस वाळवत होती.

आईचा चेहरा आला. अनिता तिच्या भाषेत बोलायला लागली, की तिचा आवाज बदलायचा, थोडा वर जायचा, लहान व्हायचा. तिनं विचारलं, दवाखान्यात जाऊन विचारशील का, त्या सालचं दप्तर आहे का. आई म्हणाली, दाखला अडल्याचं तू सांगितलंस तेव्हाच, मागल्या आठवड्यात गेले होते, शेजारचा पोरगा घेऊन गेला होता. दप्तर आहे. पण ते म्हणतात, जिचं बाळंतपण तिनं यायला हवं. धनमायाला घेऊन या म्हणतात. आई हे सांगताना हसत होती आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला.

अनितानं फोन तांब्याला नीट टेकवला. ती नुसती स्क्रीनकडं बघत बसली.

"काय म्हनती?" संजीवनीनं विचारलं. आठ-दहा दिवसांत आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"दप्तर हाय म्हनती. मी गेल्याबिगर देत न्हाईत."

संजीवनीनं टॉवेल खांद्यावर टाकला. मग ओट्यावर येऊन आईशेजारी बसली. मध्ये वीतभर जागा ठेवून.

"आन आता काय विचारती?"

"कधी येनार, म्हनती."

संजीवनीनं केसांतून बोटं फिरवली. अनितानं तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पोरगी उठून गेली असती, असं तिला वाटलं.

"परीक्षा संपल्यावर येऊ, ह्याला काय म्हनत्यात?"

वीस वर्षांत पोरीनं तिला त्या भाषेतलं काही विचारलं नव्हतं. अनितानं सांगितलं, "परीक्षा सकिएपछि आउँछौं."

संजीवनीनं फोन तांब्यावरून उचलून समोर धरला आणि म्हणाली. पहिल्यांदा शब्द अडखळले, पलीकडं आजी खुदकन हसली. संजीवनीचे कान लाल झाले. तिनं पाठ ताठ केली आणि पुन्हा म्हणाली, आता प्रत्येक शब्द तोडून, मोठ्यानं, तुकडीपुढं उभी राहून रिपोर्ट देते तसं.

आजीचा चेहरा हलायचा थांबला होता. नेट गेलं असावं असं वाटत होतं, तेवढ्यात म्हातारीचा आवाज आला.

"कुन महिना? चैत कि वैशाख?"

अनिता सांगणार, तोवर संजीवनीनंच उत्तर दिलं.

"वैशाख," ती म्हणाली.